प्रेशर पडलं की टीजी ट्रिप: लिमिट नक्की लावायची कुठे?

रिकामी मोळी

राम राम मंडळी. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. को-जन प्लांट (एकाच वाफेवर साखरही आणि वीजही), ६७ किलोचा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ६७ किलो दाबाचा बॉयलर, २२ मेगावॉटचा टीजी (टर्बाइन-जनरेटर) सेट. कारखान्याचं नाव विचारू नका, नोकरी करायची आहे.

गेल्या हंगामात एकाच तऱ्हेने चार वेळा अख्खा प्लांट बसला. त्यातली एक रात्र सांगतो, बाकीच्या तीन तिच्याच बहिणी.

अवकाळी पाऊस झालेला, यार्डातला बगॅस, म्हणजे जाळायचा उसाचा चोथा, ओला. रात्री दोनच्या सुमाराला प्रेशर ६६ वरून घसरायला लागलं. टीजी लोड कंट्रोलवर, सेट पॉइंट २२ मेगावॉट. प्रेशर पडलं तशी गव्हर्नरने (टर्बाइनला किती वाफ सोडायची ते ठरवणारा) वाफ जास्त ओढली, कारण त्याला २२ हवेत. जास्त ओढल्यावर प्रेशर अजून पडलं. ६१ झालं, ५९ झालं. इकडे ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, पन्नासवरून चढत चढत ६८ टक्के. कंट्रोलरने फीड वॉटरचा व्हॉल्व्ह मिटत आणला. पाळीवरचे इंजिनिअर घाबरले आणि त्यांनी हाताने लोड एकदम पंधरावर आणला. प्रेशर उसळलं, आणि ६८ ची लेव्हल बघता बघता २२ टक्क्यांवर. लो-लो ट्रिप, म्हणजे पाणी फारच खाली गेलं म्हणून सगळं आपोआप बंद. अंधार. मिलमध्ये ऊस अडकला तो काढायला चार तास, आणि पॅनमधला माल पुढं काय झाला ते पॅनवाल्यांना विचारा, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता ऑफ-सीझनला मीटिंग झाली. सप्लायरचा माणूस म्हणतो लो-लो ट्रिपचा आकडा खाली घ्या. आमचे साहेब म्हणतात ट्रिपला तीस सेकंदाचा टायमर टाका. मला दोन्ही पटत नाही, पण त्याऐवजी काय ते मांडता येत नाही. अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या आधी ठरवायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

उंटावरचा शहाणा

रुमाल टाकून ठेवतो. यातलं काही कळत नाही, पण 'तिच्याच बहिणी' आवडलं.

जुना फायरमन

मोळीभाऊ, लो-लो ट्रिपला हात लावू नका. आधी हे डोक्यातून काढा, मग बाकीचं बोलू.

एकतीस हंगाम बॉयलरवर काढले. ती ६८ ची लेव्हल खोटी होती. पाणी वाढलं नव्हतं, फुगलं होतं. प्रेशर पडलं की ड्रममधल्या आणि ट्यूबमधल्या पाण्यातले बुडबुडे मोठे होतात, पाणी दुधासारखं वर येतं. तेव्हाच खरं तर पाण्याची जास्त गरज असते, आणि तुमचा कंट्रोलर नेमका तेव्हाच पाणी तोडतो. मग लोड उतरवला की बुडबुडे चेपले आणि दूध खाली बसलं. जे २२ टक्के दिसलं ते खरं पाणी.

टायमरचं म्हणाल तर तुमच्या साहेबांना एवढंच विचारा: ट्रिप झाल्यावर भट्टीच्या जाळीवरचा बगॅस विझतो का? तेलाच्या नाहीतर गॅसच्या बॉयलरचा बर्नर बंद केला की आग गेली. आपल्याकडे फीडर थांबले तरी जाळीवर पडलेला माल जळतच राहतो, वाफ होतच राहते, ड्रममधलं पाणी कमी होतच राहतं. म्हणून आपला लो-लो आकडा वर ठेवलेला असतो. तो 'आत्ता धोका' असा आकडा नाही, 'आत्ता थांबलं तर पुढची आग सोसण्याइतकं पाणी शिल्लक आहे' असा आहे. त्यातले तीस सेकंद साहेबांना कोण देणार?

एक विचारतो. तीन एलिमेंट कंट्रोल, म्हणजे लेव्हल, वाफेचा फ्लो आणि पाण्याचा फ्लो तिन्ही बघणारं, आहे ना तुमच्याकडे?

रिकामी मोळी

काका, आहे. पण स्टीम फ्लोचा ट्रान्समीटर (वाफेचा फ्लो मोजून सिग्नल पाठवणारा) दोन महिने बंद होता, म्हणून सिंगल एलिमेंटवर, म्हणजे फक्त लेव्हल बघून चालवत होतो. लिहितानाच लाज वाटतेय.

जुना फायरमन

लाज नको, ट्रान्समीटर बसवा. वाफेचा फ्लो वाढलेला दिसला की तो पाणी वाढवायला सांगतो, लेव्हल कमी करायला सांगते, दोघांच्या ओढाताणीत पाणी निदान तुटत तरी नाही. फुगवट्याला तोच उतारा आहे.

रिले लॉजिक

फायरमनकाकांचं ड्रमबद्दलचं शंभर टक्के बरोबर. पण माझ्या मते रोग ड्रममध्ये नाहीच, टर्बाइनमध्ये आहे. (मी केमिकलवाला, लोटे परशुरामला. बॉयलर आमच्याकडे छोटे, तत्त्व तेच.)

तुमच्या लोड कंट्रोलरला एकच गोष्ट माहीत आहे: २२. बॉयलर देऊ शकतो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपण लिमिट म्हणतो तेव्हा सगळे ट्रिपचा आकडा डोळ्यासमोर आणतात. ट्रिप म्हणजे शेवटची भिंत. तिच्या आधी एक कुंपण असायला पाहिजे, जिथे कंट्रोलर स्वतःच म्हणेल की बाबा आता २२ सोड, आता माझं काम प्रेशर सांभाळणं. याला इनलेट प्रेशर लिमिटर म्हणतात आणि बहुतेक टर्बाइन गव्हर्नरमध्ये तो असतोच. दोन कंट्रोलर: एक मेगावॉट बघतो, दुसरा इनलेट प्रेशर. दोघांचं आउटपुट लो सिलेक्टरला. ज्याचं कमी, त्याचं व्हॉल्व्हला जातं. प्रेशर चांगलं असेल तर मेगावॉटवाला राज्य करतो; प्रेशर समजा ६२ ला आलं की प्रेशरवाला आकडा खाली ओढतो, लोड २२ चा अठरा होतो, बॉयलर श्वास घेतो. कोणाला झोपेतून उठवावं लागत नाही.

ट्रिप वाचवायची तर ट्रिपचा आकडा हलवायचा नसतो. ट्रिपपर्यंत गाडी जाणारच नाही असं वरती काहीतरी करायचं असतं.

रिकामी मोळी

आत्ता गव्हर्नरचं पॅनल उघडून पाहिलं. आहे की हो! प्रेशर लिमिटर, सेट ६२. आणि त्याच्यासमोर 'ऑफ'. जुन्या ऑपरेटरला फोन लावला. म्हणाला, "चालू ठेवलं की टीजी झोकांड्या खायचा, म्हणून कमिशनिंगवाल्यांनीच बंद करून दिलं."

रिले लॉजिक

खो खो. हे प्रत्येक प्लांटमध्ये असतं. औषध कडू म्हणून बाटलीला बूच.

चौकोनी चाक

मी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंग करतो, चाकणला. त्या झोकांड्यांचं कारण मी सांगू शकतो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

असे कंट्रोलर बहुधा पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) असतात. त्यातला इंटिग्रल म्हणजे मनात धरून ठेवणारा माणूस. चूक शिल्लक आहे तोवर तो रागाची बेरीज करत राहतो. आता तुमचा प्रेशर लिमिटर बघा. सेट ६२, प्रत्यक्षात ६६. म्हणजे त्याच्या दृष्टीने प्रेशर सदैव चार किलोने जास्त. तो आठवडाभर म्हणतोय 'व्हॉल्व्ह उघडा, अजून उघडा'. पण सिलेक्टर त्याचं ऐकत नाही, कारण मेगावॉटवाल्याचं आउटपुट कमी आहे, समजा ८० टक्के. याचं चढत चढत १०० ला जाऊन चिकटलेलं.

मग प्रेशर पडायला लागतं. ६२ ला आलं. लिमिटरने आत्ता सूत्रं हातात घ्यायला हवीत. पण तो तर शंभरावर बसलाय! शंभरावरून ऐंशीच्या खाली येईपर्यंत सिलेक्टर त्याला विचारणारही नाही. आणि त्याचा इंटिग्रल उतरायला सुरुवातच होते ६२ च्या खाली गेल्यावर. म्हणून तो जागा होतो तेव्हा प्रेशर ५९ असतं. तेवढ्यात मेगावॉटवालाही वर चढून बसलेला असतो. मग लिमिटर घाईने व्हॉल्व्ह दाबतो, गरजेपेक्षा जास्त दाबतो, प्रेशर उसळतं. आता सूत्रं परत मेगावॉटवाल्याकडे जाणार, आणि तो? मधल्या वेळात २२ च्या जागी १६ बघून बघून तोही शंभराला टेकलाय. व्हॉल्व्ह सताड. प्रेशर परत खाली. झाल्या झोकांड्या सुरू. ट्यूनिंग कितीही करा, जात नाहीत, कारण दोष ट्यूनिंगचा नाही.

याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. उपाय: जो कंट्रोलर त्या क्षणी बाहेर बसलाय, त्याच्या इंटिग्रलला स्वतःचं आउटपुट न पाजता, सिलेक्टरमधून निवडून जे खरोखर व्हॉल्व्हला गेलं ते परत पाजायचं. एक्स्टर्नल रीसेट फीडबॅक. मग लिमिटर शंभरावर जात नाही. गेन, म्हणजे चुकीच्या किती पट उत्तर द्यायचं ते, समजा एका किलोला ३ टक्के असेल तर चार किलोचे बारा, म्हणजे ऐंशी अधिक बारा, ९२ वर दबा धरून बसतो. प्रेशर घसरेल तसतसा ९२ चा ८९, ८६, ८३, आणि ६२ ला बरोबर ऐंशीवर हजर. उडी नाही, झटका नाही, उशीर नाही.

फक्त १०० ला क्लॅम्प (वरची मर्यादा) लावून भागत नाही हे नीट लक्षात घ्या. क्लॅम्प लावलेलाच होता, तरी शंभर ते ऐंशीचं अंतर राहिलंच. तुमच्या गव्हर्नरच्या पॅरामीटरमध्ये 'ट्रॅकिंग' नावाचं काही आहे का बघा. कमिशनिंगला नव्वद टक्के वेळा ती वायर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वायर, जोडायची राहून जाते. (नव्वद हा माझ्या वैतागाचा आकडा आहे, सर्व्हे नव्हे.)

भोचक भवानी

मी किचनवाली, तरी नाक खुपसते. म्हणजे कुकरची शिट्टी ही लिमिटर आणि तो झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ही ट्रिप, बरोबर का?

रिले लॉजिक

ताई, जवळ आलात, पण शिट्टी लिमिटर नाही. शिट्टी गॅस कमी करत नाही, फक्त जास्तीची वाफ बाहेर सोडते. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्हही तेच करतो. तीन शिट्ट्या मोजून गॅस बारीक करणाऱ्या तुम्ही, तुम्ही आहात लिमिटर. आणि शिट्टीचं भोक डाळीने बुजलं तर वितळणारा तो व्हॉल्व्ह, त्याला शिट्टीचं काय झालं, तुमचं लक्ष होतं का, कशाशीच घेणं नाही. तो वेगळा, त्याचं भोकही वेगळं. तसंच असायला पाहिजे.

भोचक भवानी

म्हणजे मी सीरियल बघत बसले की लिमिटर 'ऑफ'. कळलं.

गल्फ कोस्टकर

टेक्सासहून. रिफायनरीत प्रोसेस सेफ्टीला आहे. ताईंचं 'भोक वेगळं' हेच वाढवून सांगतो.

इथून जवळच टेक्सास सिटीला २३ मार्च २००५ ला जो स्फोट झाला, १५ माणसं गेली, १८० जखमी, त्याची चौकशी आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला शिकवतात. १७० फुटी टॉवर सुरू करत होते. लेव्हल ट्रान्समीटर तळाच्या नऊ फुटांच्या आतलंच मोजणारा. द्रव त्याच्या वर गेला, ट्रान्समीटरचा डिस्प्लेसर (द्रवात किती उचलला जातो त्यावरून पातळी सांगणारा लोंबता दांडा) पूर्ण बुडाला. मग द्रव तापत गेला, घनता कमी होत गेली, आणि स्क्रीनवर लेव्हल हळूहळू *उतरताना* दिसू लागली. टॉवरमध्ये खरी पातळी १५८ फुटांवर पोचली तेव्हा पडद्यावर आठ फुटांच्या आसपास. वेगळा हाय लेव्हल अलार्मचा स्विच होता, तो वाजलाच नाही.

मोळीभाऊ, तुमची ६८ टक्के आणि ती आठ फुटं एकाच जातीची. लिमिटचा आकडा कितीही विचार करून ठरवा, मोजणारा खोटं बोलला की तो आकडा भिंतीवरचं कॅलेंडर. म्हणून ट्रिपचा ट्रान्समीटर आणि कंट्रोलचा ट्रान्समीटर एकच नको. आयईसी ६१५११ या सेफ्टीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा सगळा रोख हाच आहे की सेफ्टीचं कंट्रोलपासून वेगळं ठेवा. ड्रमला तीन ट्रान्समीटर असतील तर ट्रिपला तिनातले दोन असं मत घ्या, म्हणजे एक बिघडला तरी खोटी ट्रिप नाही आणि खरी चुकत नाही. तुमच्या साहेबांना टायमर हवाय तो खोट्या ट्रिपांच्या भीतीने ना? त्यांना हे द्या.

आणि सिग्नल मेला तर काय? ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला तर तो आकडा नव्हे, बिघाड, असा नामूर या प्रोसेस उद्योगांच्या संघटनेचा संकेत आहे. तुमचा डीसीएस (प्लांटचा कंट्रोल कॉम्प्युटर) तसं समजतो का तपासा. नाहीतर वायर तुटली की त्याला वाटेल ड्रम रिकामा, आणि तो पाणी ओतत सुटेल.

खर्चाचा कागद

सगळं ऐकलं. मी मॅनेजमेंटच्या बाजूचा, शिव्या खायला तयार. तुम्ही लोक लिमिट लावता आणि घरी जाता. लोड २२ चा १८ झाला की ग्रिडला विकायच्या विजेचा एक्स्पोर्ट पडतो, शेड्यूल चुकतं, ते आमच्या माथी. वर प्रत्येक इंटरलॉक, म्हणजे आपोआप बंद करणारी सोय, कधी ना कधी विनाकारण ट्रिप देतो. चार तासांचं गाळप म्हणजे किती टन ऊस, हिशोब करा. गव्हाणीत ट्रॅक्टरची रांग, शेतकरी शिव्या घालतो तो ऑपरेटरला नाही, आम्हाला. म्हणून कधी कधी जंपर, म्हणजे ट्रिप चुकवणारा वायरीचा तुकडा, टाकावा लागतो. पुस्तकात लिहून प्लांट चालत नाही.

जुना फायरमन

जंपर टाकला तो काढला कोणी, ते सांगा. टाकणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

रिले लॉजिक

कागदराव, तुमची तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा. लिमिटर नसता तर १८ नव्हे, शून्य मिळाले असते, तेही चार तास. मोळीभाऊंनी दिलेला हिशोब तुमच्याच बाजूचा आहे.

बायपास कधी लागणारच नाही असं मी म्हणत नाही. ट्रान्समीटर बदलायचा तर लागतो. पण तो पॅनलमागे वायरीच्या तुकड्याने नाही. डीसीएसमध्ये चावीने, वेळ बांधून, स्क्रीनवर ठळक दिसेल असा, आणि पाळी बदलताना वहीत लिहून. आठ तासांनी तो आपोआप निघाला पाहिजे. ज्याला अजून हवा असेल त्याने पुन्हा सही करावी.

पंचगंगाकाठ

थोडं अवांतर. आमच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तळं भरलं की पाण्याच्याच दाबाने उघडतात, पातळी उतरली की मिटतात. ना मोटर, ना वीज, ना कोणाचा हुकूम. पावसाळ्यात 'तीन नंबरचा दरवाजा उघडला' अशी बातमी आली की आम्ही नदीकाठचे सामान वर हलवायला लागतो. विश्वेश्वरय्यांनी या तऱ्हेचे आपोआप चालणारे दरवाजे १९०३ ला पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते.

लहानपणी वाटायचं किती भारी. आता वाटतं, दरवाजाला धरणाचं कळतं, खाली आधीच पूर आहे हे कळत नाही. ते बघायला माणूसच लागतो, त्याने आधीच विसर्ग सोडून जागा करून ठेवायची असते. तुमच्या कुंपण आणि भिंतीसारखंच झालं हे.

चौकोनी चाक

हे अवांतर नाही हो, हे मुख्य आहे.

एक राहिलं: अलार्म. लिमिटर ६२ ला जागा झाला तर ऑपरेटरला एकच ओळ दाखवा: 'प्रेशर लिमिटर चालू, बगॅस तपासा'. त्यासोबत लो प्रेशर, लो लोड, हाय लेव्हल, डेव्हिएशन असे पंधरा भोंगे नकोत. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोटाआधीच्या साधारण अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. वाचणार कधी आणि करणार कधी? ज्या अलार्मवर करण्यासारखं काही नाही, तो अलार्म नाही, गोंगाट आहे.

जुना फायरमन

आमच्या वेळी एकच अलार्म होता. इनचार्जची शिवी.

रिकामी मोळी

मंडळी, उशिरा उत्तर देतोय. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले.

काय काय झालं ते सांगतो. ट्रॅकिंगचं पॅरामीटर खरंच होतं, आणि खरंच शून्य होतं. जोडलं. लिमिटर ६२ ला चालू, अलार्म ६० ला, टीजीची लो प्रेशर ट्रिप होती तिथेच, ५६ ला. त्या ट्रिपला आणि ड्रमच्या लो-लोला कोणी हात लावला नाही. साहेबांना काकांचं जाळीवरच्या आगीचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, गप्प बसले. स्टीम फ्लो ट्रान्समीटर नवा आला, तीन एलिमेंट चालू. तिनातले दोन मात्र या वर्षी नाही. ड्रमला टॅपिंगच दोन आहेत, तिसरं काढायचं तर बॉयलर इन्स्पेक्टरची परवानगी, पुढच्या ऑफ-सीझनला.

परवा रात्री कसोटी लागली. मिलवाल्यांनी इंबिबिशनचं (रस पुरता निघावा म्हणून चोथ्यावर मारायचं) पाणी जास्त सोडलेलं, बगॅस पिळला तर थेंब पडेल असा. एक चाळीसला प्रेशर ६२.४. मी स्क्रीनसमोर उभा, हात खिशात, कारण हात बाहेर असते तर काहीतरी दाबलं असतं. लोड २२ वरून २१, वीस, १८.६. व्हॉल्व्ह हळू मिटत गेला. प्रेशर ६१.७ ला थांबलं. लेव्हल ५५ पर्यंत गेली आणि परत ५१. बगॅस सुधारायला वीस मिनिटं लागली, मग लोड आपला आपण वर गेला, कुठे हिसका नाही. ट्रेंडचा कागद काढून जपून ठेवलाय.

दोन पाचला साहेबांचा फोन: "एक्स्पोर्ट का पडला?"

हे सगळं करताना टीजीच्या पॅनलमागे हात घातला तर लो ल्यूब ऑइल प्रेशरच्या (बेअरिंगच्या तेलाचा दाब पडला की टर्बाइन थांबवणाऱ्या) ट्रिपवर एक लाल वायरीचा तुकडा सापडला. दोन्ही टोकं नीट लग मारून, ट्यूब चढवून, वर टॅग: 'तात्पुरते'. तारीख मागच्याच्या मागच्या हंगामातली. काढला. कोणी टाकला होता ते कोणालाच आठवत नाही.

फोटो टाकू का?

जुना फायरमन

टाका. टॅगवरची सही झाकून.